‘यस’ म्हणजे नेमके काय?

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला येताना उरणच्या बाजूला बंदराच्या उंच क्रेन दिसतात. 1989 साली न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि मासेमारी, मीठ आणि भातशेतीवर जगणाऱ्या या तालुक्याच्या बोलण्यात कंटेनर, ट्रेलर, सील, यार्ड हे शब्द येऊन बसले. शब्द आले, पण इंग्रजी आले का?

बंदरावर चालणारे इंग्रजी हे लंडनचे इंग्रजी नव्हे. बोलणारा चिनी, ऐकणारा मराठी, मध्ये एखादा फिलिपिनो खलाशी. इंग्रजी कोणाचीच मातृभाषा नाही. आता एक प्रसंग कल्पना करून पाहा. जहाजावरचा अधिकारी इंग्रजीत विचारतो, “सील तुटलेले नाही ना?” सील शाबूत आहे. आपला मुलगा काय उत्तर देईल? मराठीत आपण सहज म्हणतो, “हो, नाही तुटलेले.” म्हणून तो म्हणतो, “यस.” पण इंग्रजी कानाला याचा अर्थ वाटतो, सील तुटले आहे! इंग्रजीत येथे ‘नो’ म्हणायला हवे.

असे का होते? मराठी माणूस ‘हो’ म्हणतो तेव्हा तो विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. तुम्ही म्हणता ते बरोबर, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत मात्र प्रश्न कसा विचारला याला महत्त्व नाही. गोष्ट घडली असेल तर ‘यस’, नसेल तर ‘नो’. गंमत म्हणजे चिनी माणसाची अडचण हुबेहूब आपल्यासारखी आहे. त्याच्या भाषेत अशा प्रश्नाला ‘दुई’, म्हणजे ‘बरोबर’, असे उत्तर देतात आणि इंग्रजी बोलताना तोही ‘यस’ म्हणून मोकळा होतो.

काही बाबतींत मात्र आपली वाट त्याच्याहून सोपी आहे. चिनी बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच, ‘ता’. त्यामुळे शिकलेला चिनी माणूसही घाईत बाईला ‘ही’ म्हणून जातो. उसने देणे आणि उसने घेणे यांना तिकडे एकच क्रियापद चालते. म्हणून ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांत त्याची गफलत होते. आपली गफलत निराळी. आपण ‘पास आउट झालो’ म्हणजे पदवी घेतली असे सांगतो. परदेशी माणसाला वाटते, हा बेशुद्ध पडला! आपल्याला ‘डाऊट’ असतो तेव्हा फक्त काही विचारायचे असते. समोरच्याला वाटते, याचा माझ्यावर विश्वास नाही.

हे सारे हसण्यावारी नेता येईल, पण समुद्रावर नाही. 7 नोव्हेंबर 2007 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दाट धुके होते. ‘कॉस्को बुसान’ या जहाजाचा पायलट अमेरिकन होता, कप्तान आणि खलाशी चिनी. पडद्यावरच्या नकाशातील एका जागेकडे पाहून पायलटने विचारले, हे पुलाचे ‘सेंटर’ ना? कप्तानाने होकार दिला. पायलटला हवी होती दोन खांबांमधली मोकळी वाट. जहाज पुलाच्या खांबाच्या तळाला घासले, टाकी फाटली आणि सुमारे दोन लाख लिटर तेल पाण्यात गेले. पायलट घेत असलेल्या औषधांचा त्याच्या कामावर झालेला परिणाम हे चौकशीत मोठे कारण ठरले; पण दोघांत नीट संवाद झाला नाही, यावरही अहवालाने बोट ठेवले. तेल सांडले म्हणजे किनाऱ्याचे काय होते, हे आपण 2010 साली ‘एमएससी चित्रा’च्या अपघातात पाहिले आहे.

यावर उपाय आहे आणि तो साधा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली जहाजांसाठी इंग्रजीची प्रमाण वाक्ये ठरवून दिली. त्यांचा एक नियम असा की नुसते ‘यस’ किंवा ‘नो’ म्हणून थांबायचे नाही, पुढे पूर्ण वाक्य बोलायचे. ‘नो, द सील इज नॉट ब्रोकन.’ मग घोटाळ्याला जागाच उरत नाही. दुसरा नियम आकड्यांचा. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ वाऱ्यात सारखेच ऐकू येतात. म्हणून ‘वन-फाइव्ह’, ‘फाइव्ह-झीरो’ असे सुटे अंक बोलायचे. तिसरा नियम ‘मे’, ‘कॅन’, ‘शुड’ अशा दुहेरी अर्थाच्या शब्दांचा. परवानगी हवी असेल तर ‘परमिशन’ हा शब्दच वापरायचा. आणि कळले नाही तर न लाजता म्हणायचे, ‘से अगेन’.

बंदरात नोकरी शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते. इंग्रजी झोकात बोलता आले नाही म्हणून मागे राहू नका. बंदराला झोक नको आहे, नेमकेपणा हवा आहे. न समजता मान डोलावणाऱ्यापेक्षा पुन्हा विचारणारा माणूस तिथे अधिक कामाचा असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)