लहान अंगणाची गाय

बुटक्या गाईंची हौस हल्ली बरीच वाढली आहे. स्कॉटलंडच्या थंड डोंगरातील हायलँड गाय चित्रात मोठी लोभस दिसते. परंतु तिचे ते फूटभर लांब, दुपदरी केस आमच्या सिल्वासाच्या उकाड्यात तिला जाचच ठरतील. शेजारच्या पालघरपासून गोव्यापर्यंत नांदणारी, बेताच्या बांध्याची 'कोकण कपिला' मात्र पाऊस व उकाडा सोसते आणि डोंगरच्या चाऱ्यावर भागविते. २०१८ साली तिची राष्ट्रीय नोंदणी झाली. दूध थोडे, पण खर्चही थोडाच.

गोठ्याची जमीन उंच व कोरडी असावी, वारा खेळता असावा, लाळ-खुरकताची लस वेळेवर टोचून घ्यावी. गाय हा कळपातला जीव. तिला एकटी ठेवू नये.

मात्र खरी काळजी वळूची आहे. केरळात १९६१ च्या कायद्यान्वये गावठी वळूंचे खच्चीकरण झाले, संकर वाढला आणि जेमतेम तीन फुटी वेचूर गाय लोपत चालली. १९८९ मध्ये डॉ. सोसम्मा आयपे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव शोधून उरलेली जनावरे जमविली, म्हणून ती वाचली. आपली कपिला फळवताना वळू तिच्याच जातीचा पाहावा.