गाळाचं विरजण

सकाळी साडेसातला आमच्या सोसायटीच्या तळघरात सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचा ऑपरेटर एअरेशन टँकमधून बादलीभर पाणी काढतो आणि एक लिटरच्या उभट मापपात्रात ओततो. "आता अर्धा तास हात लावायचा नाही, ताई." पाणी गढूळ, चॉकलेटी. पहिली काही मिनिटं नुसतं बघत राहायचं. मग कण एकमेकांना धरू लागतात, नासलेल्या दुधात दिसाव्यात तशा बारीक गुठळ्या होतात आणि तपकिरी थर सावकाश खाली उतरतो. वर पाणी नितळ. अर्ध्या तासाने थर तीनशेच्या रेघेपाशी टेकलेला. ऑपरेटर भांडं नाकाशी नेतो, मग माझ्या. ओल्या मातीचा वास. "म्हणजे बॅक्टेरिया बरे आहेत."

या गुठळ्यांचं मोल पहिल्यांदा नेमकं ओळखलं ते मँचेस्टरला. तिथल्या डेव्हीह्युम मैलाशुद्धी केंद्रातले एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट बाटल्यांमध्ये सांडपाणी भरून त्यात हवा सोडत. शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळलेला. पहिल्या खेपेला अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एरवी अशा प्रयोगात तळाचा गाळ फेकून दिला जाई. या दोघांनी वरचं पाणी ओतून टाकलं, गाळ ठेवला आणि त्यावर ताजं सांडपाणी घातलं. असं पुन्हा पुन्हा करत गेल्यावर तेच काम चोवीस तासांच्या आत होऊ लागलं. 1914 च्या एप्रिलमध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि त्या गाळाला 'ॲक्टिव्हेटेड स्लज' म्हटलं. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. ही विद्या आपल्याकडे इतक्या लवकर पोचली होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या घरात विरजण राखतात तसंच हे. फरक इतकाच की दह्यात मोजक्या जाती असतात आणि इथे हजारो. 2019 साली 23 देशांतल्या 269 केंद्रांमधल्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जगभर बहुतेक ठिकाणी सापडणारा समान गाभा निघाला अवघा 28 प्रकारांचा. बाकी प्रत्येक टाकीचं गणगोत वेगळं.

आणि प्रत्येकाचं काम वेगळं. काही जण साबण, पीठ, तेल, मैला खातात आणि चिकट स्राव सोडून गुठळ्या बांधतात. नायट्रोसोमोनास अमोनियाचं नायट्राइट करतो, ते नायट्रोस्पायरा पुढे नायट्रेटपर्यंत नेतो. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टरचं, असं पुस्तकं कित्येक वर्षं सांगत होती. 1990 च्या दशकात जनुकीय खुणा तपासल्यावर बहुतेक टाक्यांमध्ये खरा कामकरी नायट्रोस्पायराच निघाला. धाग्यासारख्या जातीही असतात. थोड्या असल्या तर त्या गुठळीला आधार देतात, माजल्या तर गाळ फुगतो आणि बसतच नाही.

नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरा वाढायला फार संथ. आतड्यातला ई. कोलाय पोषक अन्नात वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना एक-दोन दिवस तरी लागतात. म्हणून गाळ किती काढायचा आणि किती परत फिरवायचा, यातच ऑपरेटरचं सगळं कसब आहे. जास्त काढला, तर हे संथ जीव वाढण्याआधीच वाहून जातात.

आमच्या सोसायटीने तेच केलं. 'टाकी स्वच्छ करून घ्या' असा ठराव झाला, मीही हात वर केला होता, आणि सगळा गाळ उपसून टँकरने बाहेर गेला. ऑपरेटर नको नको म्हणत होता. त्याचं कुणी ऐकलं नाही. मग टाकीवर पांढरा फेस आला आणि बागेच्या नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. कुणीतरी शेण कालवून टाकायला सांगितलं. ती जुनी रीत आहे. पण शेणातले जीव गाईच्या पोटातले, बहुतेक हवेविना जगणारे. ऑपरेटरने शेजारच्या चालू प्लांटमधून टँकरभर गाळ मागून आणला. पाणी दहा दिवसांत नितळ दिसू लागलं, अमोनिया उतरायला मात्र महिना उलटला.

आता गाळ काढायचा दिवस तोच ठरवतो. मापपात्र धुऊन त्याने खिडकीत उपडं ठेवलं आणि वहीत लिहिलं: तीनशे, वास मातीचा.