कोयत्याचे पाणी

तोडणी झालेल्या फडात शिरलो की आम्ही आधी बुडखे पाहतो. आठ फुटी उसाचे दोन इंच बूड जमिनीवर राहिले, तर तो अठ्ठेचाळिसावा भाग झाला. एकरी 40 टनांचा फड असेल तर सरळ हिशेबाने 800 किलोच्या वर ऊस शेतातच राहिला. त्यात साखर बुडाकडेच जास्त. आणि खोडव्याला जोमदार फुटवा हवा असेल तर तो जमिनीतल्या डोळ्यांतून आला पाहिजे, वरच्या बुडख्यावरून नव्हे. सभासद तोडणीवाल्याला बोल लावतात. कधीकधी ते खरेही असते. पण बोथट कोयत्याने जमिनीलगत एका घावात ऊस तुटत नाही. मग माणूस हात वर घेतो, नाहीतर बूड पिचते.

धार टिकते ती कोयत्याला दिलेल्या पाण्यावर. बरेच कोयते ट्रकच्या जुन्या पाट्याचे असतात. या पोलादात शंभर भागांत अर्ध्याच्या आसपास कार्बन असतो. पोलाद लालभडक तापवले की तो लोखंडात मुरतो. मग एकदम बुडवले तर त्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही, तो आत अडकतो आणि पोलाद कडक होते. हळूहळू निवू दिले तर मऊ राहते. बांधकामाच्या साध्या सळईत कार्बनच थोडा, त्यामुळे तिला कितीही पाणी पाजा, धार टिकायची नाही.

तापवायचे किती, हे जुना लोहार रंगावरून ओळखतो. ज्यांना अंदाज नाही त्यांनी चुंबक जवळ ठेवावा. सुमारे 770 अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासा होतो. त्याहून थोडे वर, 850 अंशांच्या आसपास गेले की बुडवावे, आणि पाट्याचे पोलाद असेल तर पाण्याऐवजी तेलात. थंड पाण्यात त्याला बारीक चीर जाण्याचा धोका असतो. एवढ्यावर काम संपत नाही. नुसता बुडवलेला कोयता काचेसारखा असतो, दगडावर बसला की टवका उडालाच. म्हणून धारेकडचा भाग घासून चकचकीत करायचा आणि पुन्हा हलकेच शेकायचा. आधी गव्हाच्या काडीचा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. पिवळ्या-तपकिरीवर थांबले तर धार राहते. निळ्यापर्यंत गेले तर स्प्रिंगसारखा चिवटपणा येतो, धार मात्र उतरते.

आता विजेच्या चाकावर कोयते पाजवताना बघा. ठिणग्या उडतात, माणूस दाबून धरतो आणि पाहता पाहता कडा निळी पडते. म्हणजे तेवढी कडा 300 अंशांपर्यंत तापली, लोहाराने दिलेले पाणी गेले. तो कोयता दुपारपर्यंतही चालत नाही. चाकावर हलका हात ठेवावा, घडीघडी पाण्यात बुडवावा. फडात तर कानसच बरी.

मोठ्या कारखान्यांत हेच काम भट्टीत चालते. फरक इतकाच की डोळ्यांऐवजी तापमापक असतो आणि वेळ घड्याळावर मोजतात. सगळ्या धातूंची तऱ्हा मात्र सारखी नाही. 1906 साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी तांबे मिसळलेले अॅल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवले. ते मऊच निघाले, पण पडून राहिल्यावर काही दिवसांत आपोआप कडक झाले. साखरधंद्यातल्या माणसाला हे लवकर उमगावे. गरम पाकात जादा साखर मावते आणि पाक निवला की ती कणांनी बाहेर येते. तसेच तांबे त्या धातूत अतिसूक्ष्म कणांनी बाहेर येते आणि धातूला ताठ करते. विमानाचे पत्रे याच जातीचे.

पितळेचे आणखी निराळे. तापीपलीकडे वरणगावची आयुध निर्माणी 1964 सालची. तिथे बंदुकीची काडतुसे होतात. काडतुसाची पितळी नळी ओढून लांब करतात. ओढता ओढता पितळ ताठरते, म्हणून मधूनमधून भट्टीत तापवून ते मऊ करावे लागते. ही काळजी कमी पडली तर काय होते, ते ब्रिटिश अमलात आपल्याच देशात दिसले. तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांना पावसाळ्यात आपोआप भेगा पडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळेत राहिलेला ताण यांनी मिळून ते केले, असा उलगडा इंग्लंडमधील संशोधकांनी 1921 साली केला. मंद आचेवर शेकून ताण काढला की भेगा थांबल्या.

आपला पितळी फवारणी पंपही पत्रा ओढून-वाकवूनच केलेला असतो, आणि बहुतेकांकडे तो गोठ्यातल्या खुंटीला, नाहीतर युरियाच्या पोत्यांशेजारी असतो. तो आजच तिथून हलवा. काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून, कोरड्या खोलीत ठेवा.