वाचन अडतं कुठे? (लेखमाला ‘अक्षरांशी झुंज’ : लेखांक ६)

अक्षर आणि त्याचा ध्वनी यांची सांगड घालताना डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला इतके कष्ट का पडतात, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यावर पालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आमच्या मुलाला हेच आहे का, ते ओळखायचं कसं? ओळखताना होणाऱ्या चुका हा आजचा विषय आहे. या चुका दोन्ही बाजूंनी होतात. डिस्लेक्सिया असलेलं मूल आळशी, वांड किंवा मंदबुद्धी ठरतं आणि ज्याला तो मुळीच नाही, अशा मुलावर त्याचा शिक्का बसतो. दोन्हींचं मूळ एकच आहे. मुलाला किती मार्क पडले ते आपण बघतो. ते वाचताना नेमकं कुठे अडलं, हे शेजारी बसून ऐकायचं राहून जातं.

हे ऐकण्याचं काम एका मास्तरांनी सव्वाशे वर्षांपूर्वी चोख केलं होतं. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत लिहिली. मुलगा चुणचुणीत, खेळात तरबेज. सातव्या वर्षापासून त्याला वाचायला शिकवणं चालू होतं, तरी सोपे शब्दसुद्धा अक्षर अक्षर लावून वाचताना त्याची दमछाक होई. स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल होई आणि ती त्याच्या लक्षातही येत नसे. पण ७८५८५२०१७ ही लांबलचक संख्या त्याने झटक्यात वाचली आणि गणित आपल्याला आवडतं, असंही सांगितलं. काही वर्षं त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचं मत होतं की, सगळं शिक्षण तोंडी झालं असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता.

मॉर्गन यांनी या अडचणीला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटलं. त्या काळी दोष दृष्टीशी जोडला गेला आणि त्या समजुतीची सावली अजून पुरती हटलेली नाही. मूल वाचत नाही म्हटलं की आधी चष्मा, मग डोळ्यांचे व्यायाम, मग रंगीत काचा, असा खर्च सुरू होतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितलं की, डिस्लेक्सियाचं कारण डोळ्यांत नाही आणि या उपायांना शास्त्रीय आधार नाही. डोळे जरूर तपासावेत, चष्मा लागत असेल तर लावावा. मात्र त्याने डिस्लेक्सिया जाईल, ही आशा धरू नये.

उलट्या अक्षरांचंही तसंच. सहा-सात वर्षांची कितीतरी मुलं अक्षरं आणि आकडे उलटे काढतात आणि पुढे आपोआप सुधारतात. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ने हा विषय घरोघरी नेला, त्याचं ऋण मोठं आहे. पण त्यातली नाचणारी अक्षरं लोकांच्या मनात इतकी पक्की बसली की, पालक मुलाला विचारतात, “तुला अक्षरं नाचताना दिसतात का?” मूल “नाही” म्हणतं आणि विषय तिथेच मिटतो.

मग ऐकायचं काय? मराठी शाळेत तिसरीत शिकणारी एक मुलगी माझ्यासमोर बसून वाचत होती. पुस्तकातलं वाक्य होतं : ‘सूर्य उगवताच पक्षी घरट्यातून बाहेर पडले.’ तिने वाचलं, “सुर... सुरय... सूर्य उगवला आणि पक्षी घरातून बाहेर पडले.” रफारापाशी ती अडखळली, ‘घरट्यातून’चं ‘घरातून’ झालं, ‘उगवताच’ हा शब्द तिने अंदाजाने बदलला. आणि एवढं होऊनही वाक्याचा अर्थ जागच्या जागी राहिला! पुस्तक मिटून मी विचारलं, पक्षी सकाळीच का बाहेर पडतात? पिल्लांना चारा आणण्यापासून शिकारी पक्ष्यांपर्यंत तिने भरभरून सांगितलं. नंतर तिला म्हटलं, “‘कमळ’ या शब्दातला ‘म’ काढून टाक. काय उरलं?” बराच वेळ विचार करून ती म्हणाली, “कम?”

समज उत्तम, बोलणं उत्तम. पण शब्द फोडून त्यातला एक ध्वनी वेगळा काढणं जड. ही खूण महत्त्वाची आहे. या मुलीच्या प्रगतिपुस्तकात शेरा होता, ‘लक्ष देत नाही’. खरं तर वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त लक्ष तिला एकेका ओळीवर खर्च करावं लागत होतं.

मराठीत हा त्रास लपूनही राहतो. इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत असल्यामुळे चुका चटकन उघड्या पडतात. देवनागरीत बरंचसं लिहिल्याप्रमाणे वाचता येतं, त्यामुळे मूल पुष्कळदा बरोबर वाचतं, पण फार सावकाश. कस लागतो तो जोडाक्षरांत, ‘र’च्या वेगवेगळ्या रूपांत, उच्चार नंतर पण लिहायची आधी अशा पहिल्या वेलांटीत आणि भ-म, घ-ध, थ-य अशा जोड्यांत. हुशार मूल धडे पाठ करून तिसरी-चौथी निभावून नेतं. पुढे इतिहास-भूगोलाची पानंच्या पानं समोर आली की, पाठांतर पुरत नाही. तेव्हा घरचे म्हणतात, “आधी चांगला होता, आताच बिघडला.”

आता दुसरी बाजू. घरात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, चौथीतला मुलगा. शाळेने डिस्लेक्सियाची शंका कळवली होती. इंग्रजी उतारा वाचताना तो खरोखरच ठेचकाळत होता. त्याच्यापुढे मराठी गोष्ट ठेवली. घरी आजोबांनी वाचायला शिकवलं होतं, ती त्याने सहज वाचली. ‘कमळ’मधला ‘म’ काढल्यावर ‘कळ’ उरतं, हे त्याने क्षणात सांगितलं. त्याला हवी होती इंग्रजी भाषा : ऐकायला, बोलायला, वापरायला. कानावर कधी न पडलेले शब्द तो कागदावर ओळखणार कसे? म्हणून मुलाची चाचणी त्याला येणाऱ्या सगळ्या भाषांत व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये आणलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि कन्नडही आहे. परक्या भाषेतल्या मोजपट्टीने आपली मुलं मोजण्याचा अन्याय त्यामुळे टाळता येतो.

तिसरी चूक जास्त जिव्हारी लागणारी आहे. लेखी परीक्षेत कोरा कागद देणारं मूल बुद्धीनेच कमी आहे, असं ठरून जातं. म्हणून श्रवण आणि दृष्टी तपासल्यावर बुद्धिमापन चाचणी होते, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या. औपचारिक निदान साधारण आठव्या वर्षानंतर करतात, कारण त्याआधी मुलाला शिकायला पुरेसा अवधी मिळालेला नसतो. मदत मात्र पहिलीपासून सुरू करता येते. त्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही.

आणि वर्गात कोणाकडे लक्ष जातं, हेही पाहा. येल विद्यापीठाच्या सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कनेक्टिकटमधल्या मुलांची स्वतः चाचणी घेतली, तेव्हा वाचनदोषाचं प्रमाण मुलग्यांत आणि मुलींत जवळपास सारखं निघालं. शाळांनी निवडलेल्या मुलांत मात्र मुलगे कितीतरी जास्त होते. दंगा करणारा डोळ्यांवर येतो, मागच्या बाकावर गप्प बसणारी सुटते. त्या दंग्यामागेही पुष्कळदा वाचनाची भीती असते. मोठ्याने वाचायची पाळी आली की कोणी पेन्सिल पाडतं, कोणी पोट दुखतं म्हणतं. चारचौघांत ‘ढ’ ठरण्यापेक्षा खोडकर ठरलेलं मुलांना परवडतं.

महाराष्ट्राने १९९६ पासून अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला देशभर मान्यता दिली. हा मुलांचा हक्क आहे, शाळेची मेहरबानी नव्हे. पण चुकीचं निदान झालं तर हक्काचं मूल बाहेर राहतं आणि ज्याला भाषेची शिकवणी हवी होती, त्याच्या हाती प्रमाणपत्र पडतं.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. या आठवड्यात मुलाला दहा मिनिटं एकट्याने, कोणाला हसू न देता, मध्ये न टोकता वाचू द्या. कोणता शब्द कसा वाचला, ते तसंच्या तसं टिपून ठेवा. तोच मजकूर नंतर तुम्ही वाचून दाखवा आणि अर्थ विचारा. ऐकून समजतं पण वाचून अडतं, असं दिसलं, तर ती वही घेऊन तज्ज्ञांकडे जा. तपासणी कोणत्या भाषेत होणार, हे तिथे आधी विचारा. तुमच्या वहीतल्या त्या दोन पानांवरून तपासणाऱ्याला जे कळेल, ते वर्षभराच्या प्रगतिपुस्तकावरून कळणार नाही.

(पुढील आठवड्यात : निदान झाल्यावर काय? घरी आणि वर्गात वाचन शिकवण्याच्या पद्धती)