माफी एकटीची, समेट दोघींचा

बायांनो, हातातलं काम चालू राहू द्या, डाळ निवडता निवडता ऐका.

आमच्या माहितीतल्या एका बचत गटाची गोष्ट आहे. कर्जाच्या हप्त्याचे तीन हजार रुपये बँकेत भरायचे होते. ज्या बाईकडे ते दिले होते, तिने ते लेकराच्या दवाखान्यात खर्च केले आणि कोणालाच सांगितलं नाही. पासबुक पाहिलं तेव्हा उघड झालं. बैठकीत दोन तट पडले. काही म्हणाल्या, काढून टाका. काही म्हणाल्या, जाऊ द्या, बिचारीवर वेळ आली होती. गटातली एक ख्रिस्ती बहीण म्हणाली, "आमच्यात तर माफ करा असंच सांगतात." तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मंग रोज मारते त्या नवऱ्यालेबी माफच करत राहावं काय?"

बैठक गप्प झाली. उत्तर आमच्याकडेही नव्हतं. म्हणून ख्रिस्ती धर्मविचारात माफीबद्दल नेमकं काय शिकवतात, ते आम्ही समजून घेतलं. आज तेच सांगतो.

हा अभ्यास आपल्यापासून फार दूर नव्हता. आपल्या मूर्तिजापुरातून शकुंतला गाडी एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जायची. त्या यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. बायबल आणि ख्रिस्ती धर्मविचार शिकवणारं हे विद्यालय १९८३ मध्ये पुण्याला गेलं. म्हणजे तीस वर्षं हा विषय आपल्या वऱ्हाडातच शिकवला जात होता.

या अभ्यासात दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एक क्षमा, म्हणजे आपली माफी. दुसरी समेट. मराठी बायबलात हाच शब्द आहे. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं. ती एकटीला करता येते. समेट म्हणजे तुटलेलं नातं पुन्हा जुळणं. त्याला दोन्हीकडची माणसं लागतात.

आधी क्षमा पाहू. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या पुस्तकात, पापाला कर्जाची उपमा आहे. हे आपल्याला लवकर कळतं. त्याच पुस्तकात एक गोष्ट येते. एका चाकरावर राजाचं दहा हजार तालंतांचं कर्ज होतं. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी. हिशोब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते! सात जन्म राबला असता तरी फिटलं नसतं. राजाने सगळं सोडलं. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दिवसांच्या मजुरीसाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. राजाला कळलं, तेव्हा तो फार रागावला. शिकवण अशी, की देवाने आपलं एवढं सोडलं आहे, तर आपणही दुसऱ्याचं सोडावं.

पण याच अध्यायात, या गोष्टीच्या आधी काय आहे, ते फार कमी वेळा सांगितलं जातं. कोणी तुमचा अपराध केला, तर आधी त्याला एकट्याला गाठून त्याची चूक सांगा. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत न्या. तरीही नाही ऐकलं तर मंडळीसमोर मांडा. म्हणजे माफी करायची तर आधी चूक झाली असं म्हणावं लागतं. गप्प बसणं म्हणजे माफी नव्हे.

आता समेट. जक्कय नावाचा एक जकातदार होता, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी गेला. त्याचं मन पालटलं, पण तो नुसतं "चुकलो" म्हणून थांबला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणाला, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. कॅथलिक लोकांत पाप कबूल करण्याचा संस्कार आहे. त्यातही पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई हे सगळं येतं.

समेटाला वेळ किती लागतो, हे लक्ष्मीबाई टिळकांकडून कळतं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही घरी न सांगता. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या. राग होता, रडणं होतं, आणि ते त्यांनी 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात लपवलं नाही. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, तरी सुरुवातीला आपलं सोवळं, आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. टिळकांनी तो ठेवू दिला. मन हळूहळू बदलत गेलं आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. कोणी एका दिवसात "झालं गेलं विसर" म्हणालं असतं, तर ते जुळलं नसतं.

दुसरी गोष्ट मध्य प्रदेशातली. सिस्टर राणी मारिया ही केरळची जोगीण देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात काम करायची. गरिबांचे गट बांधायची, त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायची. ते काहींना खुपलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या तरुणाने तिला भोसकून मारलं. कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. २००२ साली राणी मारियाची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे घरच्यांनी त्याच्या सुटकेची मागणी केली. २००६ मध्ये तो सुटला आणि नंतर केरळात जाऊन तिच्या आईवडिलांना भेटला.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. माफी झाली, पण खटला थांबला नव्हता. त्याने अकरा वर्षं तुरुंगात काढली. राखी बांधणारीने सूड सोडला, खून झालाच नाही असं ती म्हणाली नाही.

आता कोपऱ्यातल्या त्या बहिणीचा प्रश्न. बाई, तुझ्या मनातला जाळ तुला कधी विझवायचा, ते तू ठरव. त्यासाठी तुला कोणी घाई करू नये. पण मार खात राहणं म्हणजे क्षमा नाही. मारणारा थांबला नाही, चूक मानली नाही, तर तिथे समेट झालेलाच नाही. तोवर माहेरी जाणं, संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणं, १८१ वर फोन करणं यात काहीच पाप नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तुझ्यासाठीच आहे. "धर्म माफ करायला सांगतो" असं म्हणून कोणी तुला परत त्याच घरात ढकलत असेल, तर त्यांना तो अध्याय पुरता वाचायला सांग.

आणि तो गट? आधी दोघी जणी त्या बाईच्या घरी जाऊन बोलल्या. मग ती बैठकीत सगळ्यांसमोर रडत म्हणाली, "सांगायला पाहिजे होतं, चुकलं माझं." महिन्याला पाचशे, असे सहा महिन्यांत तिने पैसे फेडले. गटानेही आपली चूक मानली. दवाखान्यासारख्या अडीनडीला लगेच पैसे मिळतील अशी सोयच आपण ठेवली नव्हती, हे त्यांना कळलं. ती सोय आता केली. ती बाई आजही गटात बसते, सगळ्यांसोबत चहा घेते. पासबुक मात्र सध्या दुसरीकडे आहे, आणि त्याचं तिला वाईट वाटत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. कोणाचं काय सोडायचं, आणि कोणाकडून काय परत यायला पाहिजे, हे दोन्ही बोला. येतो आम्ही. नमस्कार.