भिजलेली सायकल

जुन्या बनावटीची काळी सायकल पावसातून घरी आली, की तिचा मालक आधी स्वतःचे डोके पुसतो आणि सायकल भिंतीशी ठिबकत उभी राहते. दोन दिवसांनी साखळी करकरू लागते. यात नवल नाही. लोखंड गंजण्यास पाणी आणि प्राणवायू ही दोन्ही लागतात, आणि ओसरीवरच्या दमट हवेत दोहोंची वाण नसते. गंज सच्छिद्र असतो. तो आतल्या धातूचे रक्षण न करता उलट ओल धरून ठेवतो. मुंबई, पुरी किंवा चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरांत हवेतील क्षार ही क्रिया आणखी जलद करतात.

बाहेरचा गंज निदान डोळ्यांना दिसतो. भीती आहे ती फ्रेमच्या पोकळ नळ्यांची. बैठकीच्या दांड्यालगतच्या फटीतून शिरलेले पाणी उतरत उतरत पेडलच्या आसाभोवती साचते, कारण फ्रेमचा तोच सर्वांत खालचा भाग होय. तेथील ग्रीस पाण्याने दुधाळ होते, छर्रे गंजतात, आणि वरचा रंग शाबूत असतानाच नळी आतून झिजत जाते. दुधाचे कॅन लादून रोज पहाटे निघणाऱ्या माणसाला याची किंमत भर रस्त्यात मोजावी लागते. म्हणून सायकल चिंब भिजली असेल, तर दांड्याच्या उंचीची खूण करून बैठक दांड्यासकट उपसून काढावी, सायकल उलटी धरून पाणी निथळू द्यावे आणि ती नळी रात्रभर छपराखाली उघडी ठेवावी. दांडा परत बसविताना त्यास थोडे ग्रीस लावावे. नाहीतर पुढे तो हालता हालत नाही.

साखळी प्रथम कोरड्या फडक्याने पुसावी. चिखल असल्यास रॉकेलने धुवावी. पण रॉकेल हे वंगण नव्हे, ते जुने तेलही धुऊन नेते. ते उडून गेल्यावर प्रत्येक सांध्यावर यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडून पेडल उलटे फिरवावे. तेल हवे असते आतल्या खिळीला, बाहेरच्या पट्टीला नव्हे. बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि ती धूळ कानशीसारखी धातू घासते. घरातले जवसाचे किंवा मोहरीचे तेल वापरण्याचा मोह टाळावा. ही तेले हवेतील प्राणवायू शोषून चिकट होतात. खोबरेल अडीनडीला चालते, पण थंडीत ते गोठते.

ब्रेकच्या रबरांना व चाकाच्या रिमला मात्र तेलाचा थेंबही लागता कामा नये. पोलादी रिम ओली असता ब्रेकची पकड फारच कमी होते. पाण्याचा थर पुसला जाण्यास चाकाचे काही फेरे जावे लागतात. उतारावर ब्रेक हलकेच, बराच आधीपासून दाबू लागावे.

कातडी बैठक उन्हात ठेवू नये, ती तडकते. सावलीत वाळवावी, आणि ओली असेतो तिच्यावर बसू नये. बसल्यास ती कायमची खोलगट होते.