ड्यूअर
ड्यूअर : जुन्या स्कॉट्स भाषेतील एक अधिकारवाचक शब्द व त्यावरून रूढ झालेले आडनाव. एखाद्या संताच्या पवित्र अवशेषाचा वंशपरंपरागत रखवालदार, असा त्याचा अर्थ. तो गेलिकमधून आला असून त्याच्या प्राचीन आयरिश रूपाचा मूळ अर्थ मात्र उपरा, निर्वासित, भटका असा होता. आपल्या मुलखाबाहेर पडलेल्या, म्हणून तेथील हक्कांना मुकलेल्या माणसास हा शब्द लावीत. पुढे यात्रेकरू हाही अर्थ त्याला चिकटला. रखवालदार हा अवशेष घेऊन गावोगाव फिरे, त्यावरून हे नाव त्याला मिळाले असावे, असा उलगडा सामान्यतः केला जातो.

पर्थशरमधील ग्लेनडॉकर्ट खोऱ्यात संत फिलनचे अवशेष सांभाळणारे असे अनेक ड्यूअर होते. त्यांपैकी एकाकडे संताच्या धर्मदंडाची मूठ होती. तिला ‘क्विग्रिच’ म्हणत. याही शब्दाचा अर्थ परका असाच आहे. या ड्यूअरचे हक्क व कर्तव्ये १४२८ च्या एका चौकशीत नोंदली गेली. खोऱ्यातील शेतकरी जमिनीच्या प्रमाणात त्याला पीठ देत. कोणाची गुरे चोरीस गेली आणि चोराच्या पाठलागाचे धाडस त्याला झाले नाही, तर तो ड्यूअरला चार पेन्स किंवा जोडे आणि पहिल्या रात्रीचे जेवण पाठवी. मग स्कॉटलंडच्या राज्यात कोठेही त्या गुरांचा माग काढणे ड्यूअरवर बंधनकारक असे. अवशेषाचे पावित्र्य व पोलिसी काम यांची ही सांगड मोठी लक्षणीय आहे. १४८७ मध्ये तिसऱ्या जेम्स राजाने मलीस डॉयर या रखवालदाराला पत्र देऊन अवशेषासह निर्वेध संचाराचा हक्क मान्य केला.

१५६० च्या धर्मसुधारणेनंतर अवशेषपूजा अमान्य झाली, तरी घराण्याने क्विग्रिच सोडली नाही. १७८२ मध्ये किलिन येथे ती एका रोजंदारी मजुराच्या घरी होती. १८१८ मध्ये हे कुटुंब कॅनडास गेले व मूठही सोबत गेली. शब्दाचा मूळ अर्थ रखवालदारांना असा पुन्हा लागू पडला. तेथील हायलँडर वसाहतवाले गुरांच्या आजारांवर तिचे पाणी नेत. १८७७ मध्ये ती स्कॉटलंडला परत आली. सध्या ती एडिंबरो येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

या आडनावाची सर्वच घराणी रखवालदारांची नव्हेत. मिडलोदियनमधील ड्यूअर या जमिनीवरूनही काहींनी ते घेतले. निर्वात पात्राचे (१८९२) जनक सर जेम्स ड्यूअर (१८४२–१९२३) यांच्यामुळे प्रयोगशाळांत ‘ड्यूअर’ म्हणजे द्रवरूप वायू साठविण्याचे भांडे, असा आणखी एक अर्थ रूढ झाला आहे.